नांदणीची हत्तीण, शर्यतीचा बैल: प्राण्यांना हक्क असतात का?

जुलै २०२५ च्या अखेरीस कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण गुजरातला, जामनगरच्या ‘वनतारा’ या प्राण्यांच्या पुनर्वसन केंद्रात नेली गेली. भाविक तिला माधुरी म्हणत. १९९२ पासून ती मठात होती. तिला निरोप देताना गाव अक्षरशः रडलं, आणि पुढच्या काही दिवसांत हजारो माणसं नांदणीहून कोल्हापूरपर्यंत चालत गेली. बातम्या भरपूर आल्या. पण हे सगळं ज्या मुद्द्यावर घडलं, तो फारसा कुणी उलगडून सांगितला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १६ जुलैच्या निकालात दोन हक्क समोरासमोर ठेवले होते. एक, धार्मिक कार्यासाठी हत्तीण वापरण्याचा मठाचा हक्क. दुसरा, चांगलं आयुष्य जगण्याचा हत्तिणीचा हक्क. न्यायालयाने दुसरा वरचढ ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही.

मठाची बाजू अशी होती, की आम्ही तिला लेकरासारखं सांभाळलं. त्या मायेवर शंका घेण्याचं मला काही कारण दिसत नाही. दुसरीकडे तिच्या पायांची, नखांची अवस्था आणि तिचं एकटेपण सांगणारे अहवाल बंदिस्त हत्तींच्या प्रश्नासाठी न्यायालयाने नेमलेल्या उच्चाधिकार समितीपुढे होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. म्हणूनच ‘माया होती की नव्हती’ हा प्रश्न इथे अपुरा पडतो. प्रश्न असा आहे, की एवढी माया असतानाही त्या मुक्या जिवाचं स्वतःचं असं काही मागणं असू शकतं का, आणि ते मायेच्याही वर ठरू शकतं का?

माझं उत्तर ‘हो’ असं आहे. ते का, हे पायरीपायरीने सांगतो.

दया कुठे संपते, हक्क कुठे सुरू होतो

संत एकनाथांची गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. रामेश्वराला वाहायला नेलेली गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिती केली. या गोष्टीत आपण एकनाथांकडे बघतो, आणि ते योग्यच आहे. क्षणभर गाढवाकडे बघा. त्या वाटेने एकनाथ आले म्हणून ते वाचलं. ते आले नसते तर गाढव मेलं असतं, आणि न थांबता पुढे गेलेल्या कुणालाही कुणी बोल लावला नसता.

दया देणाऱ्याच्या मनावर असते. हक्क समोरच्याच्या मर्जीवर नसतो. तो डावलला तर जाब विचारता येतो.

कूळकायद्याच्या आधीचं आणि नंतरचं कूळ आठवा, म्हणजे हा फरक लगेच कळेल. जमीनमालक भला असेल तर कायद्याआधीही कूळ सुखाने जमीन कसत होतं. पण मालकाची मर्जी फिरली, की उद्या बिऱ्हाड उचल. १९४८ च्या कायद्याने मालकाचा स्वभाव बदलला नाही. कुळाचं राहणं त्या स्वभावावर अवलंबून राहिलं नाही, एवढंच. इथे मी माणसाची जनावराशी बरोबरी करत नाही. मालकाच्या भलेपणावर जगणं आणि हक्कावर जगणं यांतलं अंतर दाखवतो आहे.

माणसात आणि जनावरात फरक आहेच, पण कोणता?

‘प्राण्यांना हक्क’ म्हटलं, की पहिला विरोध इथेच होतो. माणूस विचार करतो, बोलतो, चांगलं-वाईट ठरवतो. बैल यातलं काही करत नाही. मग दोघांना एका मापाने कसं मोजायचं?

फरक आहे, आणि तो मोठा आहे. फक्त तो नेमका कुठे आहे हे बघायला हवं. नीतिशास्त्रात यासाठी दोन शब्द आहेत. ज्याला आपल्या कृत्याचा जाब विचारता येतो तो ‘नैतिक कर्ता’. ज्याच्याशी कसं वागलात याचा जाब दुसऱ्यांना विचारता येतो तो ‘नैतिक पात्र’. धडधाकट, सज्ञान माणूस दोन्ही असतो. जनावर पहिलं नसतं. ते दुसरं आहे की नाही, एवढाच वाद आहे.

युरोपात एके काळी जनावरांना कर्ता मानून खटले चालवले जात. १३८६ मध्ये फ्रान्समधल्या फालेझ गावात, मुलाला मारलं म्हणून एका डुकरिणीला रीतसर शिक्षा सुनावून फाशी देण्यात आलं होतं. आज हे वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्या डुकरिणीला आपण काय केलं हे कळण्याचा मार्गच नव्हता. जुन्नरच्या उसात माणसावर हल्ला करणाऱ्या बिबट्याला आपण पिंजऱ्यात पकडतो, क्वचित गोळीही घालावी लागते, पण त्याच्यावर आरोपपत्र ठेवत नाही. तो धोकादायक असतो, अपराधी नसतो.

म्हणजे जाब देण्याची जबाबदारी फक्त माणसावर आहे. माणसाचं वेगळेपण मी इथे मानतो, पूर्णपणे मानतो. मात्र यातून लोक जो निष्कर्ष काढतात, तो निघत नाही. ‘ज्याला कर्तव्य नाही त्याला हक्क नाही’ हे वाक्य ऐकायला न्याय्य वाटतं. ते तान्ह्या मुलाला लावून बघा. सहा महिन्यांच्या बाळाला कोणतंही कर्तव्य नसतं, तरी त्याला चटका देणाऱ्याला आपण मोकळं सोडत नाही. स्मृती पूर्ण गेलेल्या आजीला आपण कोण आहोत हेही ठाऊक नसतं, तरी तिला उपाशी ठेवणं हा गुन्हाच असतो. त्यांचा हक्क त्यांच्या बुद्धीतून आलेला नाही. त्यांना दुखतं, भूक लागते, भीती वाटते, यातून तो आलेला आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथमने हाच मुद्दा मांडला होता: त्यांना विचार करता येतो का, बोलता येतं का, हे विचारू नका; त्यांना यातना होतात का, ते विचारा.

यातना होतात हे कशावरून?

सतराव्या शतकात रने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने प्राण्यांना यंत्रांच्या रांगेत बसवलं होतं. शेतकऱ्याला हे कधीच पटलं नसतं. ज्याने बैलाचा डोळा रोज जवळून पाहिला आहे, त्याला प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज नाही. पण कायदा आणि धोरण दाखला मागतात, आणि तो आता भरपूर आहे. माशांना वेदना होत नाहीत असा समज होता. २००३ मध्ये ट्राउट माशांवरच्या प्रयोगांत वेदना टिपणाऱ्या चेतापेशी सापडल्या. २०१२ मध्ये केंब्रिजला जमलेल्या मेंदूशास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की जाणिवेसाठी लागणारी मेंदूतली यंत्रणा सर्व सस्तन प्राणी आणि पक्ष्यांमध्ये आहे.

मला सगळ्यांत हलवून गेलेला प्रयोग उंदरांचा आहे. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये तो प्रसिद्ध केला. एक उंदीर अरुंद पारदर्शक नळीत अडकवलेला, दुसरा बाहेर मोकळा. नळीचं दार बाहेरूनच उघडायचं. मोकळा उंदीर धडपडत ते उघडायला शिकला आणि पुढे रोज उघडत राहिला. शेजारी दुसऱ्या नळीत चॉकलेटचे तुकडे ठेवले, तरी त्याने दोन्ही नळ्या उघडल्या, आणि पुष्कळदा खाऊ सोबत्यासाठी शिल्लकही राहिला. यावरून उंदीर नीतिमान आहे असं मी म्हणणार नाही. पण सोबत्याची तडफड ज्याला सोसवत नाही, त्याला यंत्र म्हणणं आता कुणालाच शक्य नाही.

आपला कायदा काय देतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा १९६० चा आहे. त्यामागे नृत्यांगना आणि राज्यसभा सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा आग्रह होता. त्यांनी खासगी विधेयक आणलं, आणि पुढे सरकारने स्वतः कायदा केला. जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याची नीट काळजी घ्यावी, त्याला विनाकारण यातना देऊ नयेत, असं तो सांगतो. १९७६ मध्ये घटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्यं आली, त्यांत सजीवांविषयी करुणा बाळगणं हेही आहे.

नीट पाहिलं तर या दोन्हींत सगळं माणसाच्या बाजूने लिहिलेलं आहे. कर्तव्य माणसाचं, करुणा माणसाची. जनावर कायद्याच्या लेखी अजूनही मालमत्ता आहे. आणि शिक्षा? पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. १९६० मध्ये ही रक्कम जाणवण्याजोगी होती. आज त्यात धड जेवण होत नाही, आणि आकडा तोच आहे.

संरक्षण आणि हक्क यांतला फरक बैलगाड्याने दाखवला

महाराष्ट्राला हा फरक पुस्तकातून शिकायची गरजच नाही. आपण तो पुण्याच्या घाटांत, म्हणजे बैलगाडा शर्यतीच्या धावपट्ट्यांवर, आणि विदर्भाच्या शंकरपटांत पाहिला आहे.

२०११ मध्ये केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली. ज्या प्राण्यांना खेळ-तमाशासाठी शिकवता किंवा दाखवता येत नाही, त्या यादीत वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्यासोबत बैल आला. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ७ मे २०१४ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तमिळनाडूतलं जल्लीकट्टू, म्हणजे उधळलेल्या बैलाला पकडण्याचा खेळ, आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यती, दोन्ही बंद केल्या. निकाल नुसत्या बंदीवर थांबला नाही. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, त्याला धावायला लावायचं तर वेदना आणि भीतीच वापरावी लागते, असं न्यायालयाने म्हटलं. भूक-तहान, गैरसोय, वेदना व आजार, भीती यांपासून मुक्ती आणि आपल्या जातीच्या स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक, अशी पाच स्वातंत्र्यं न्यायालयाने प्राण्यांसाठी वाचून दाखवली. संसदेने प्राण्यांच्या हक्कांना घटनात्मक दर्जा द्यावा, अशी अपेक्षाही व्यक्त केली.

शर्यतीतला चाबूक, पराणी, शेपटी पिरगाळणं, बॅटरीचा झटका हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना यातला एकही शब्द नवा नव्हता. तसंच, शर्यतीच्या बैलाला घरच्या माणसाआधी खुराक देणारे मालकही त्याच घाटात उभे असत.

मग काय झालं? २०१७ मध्ये आधी तमिळनाडूने आणि पाठोपाठ महाराष्ट्राने आपापल्या राज्यापुरती केंद्रीय कायद्यात दुरुस्ती केली आणि राष्ट्रपतींची संमती मिळवली. महाराष्ट्राच्या दुरुस्तीत बैलाला यातना दिल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आली. नियमांत काठी-चाबूक निषिद्ध झाले, धावण्याच्या अंतराला मर्यादा आली. मुंबई उच्च न्यायालयाने शर्यती रोखून धरल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली. शेवटी १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दोन्ही राज्यांचे (आणि कंबळा या कर्नाटकातल्या रेड्यांच्या शर्यतीचाही) कायदे वैध ठरवले. प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत असं आधीच्या कोणत्याही निकालाने ठरवलेलं नाही, तो निर्णय कायदेमंडळाचा आहे, असं पीठाने स्पष्ट केलं.

बैल २०१४ मध्ये जो होता तोच २०१७ मध्ये होता. त्याच्या खुरांची रचना बदलली नाही, भीती कमी झाली नाही. बदललं ते फक्त विधिमंडळातलं मतदान, आणि ते एकमताने झालं असतं तरी माझा मुद्दा तोच राहिला असता: त्या मतदानात ज्याच्या पाठीवर निर्णय होणार होता, त्याच्या बाजूने अडून राहणारं काहीच नव्हतं. संरक्षण दिलेलं असतं आणि परत घेता येतं. हक्क असता, तर सरकारला आधी हे सिद्ध करावं लागलं असतं, की कमी यातनेचा दुसरा मार्ग उरलाच नाही.

शर्यत गेली तर खिल्लार जाईल, त्याचं काय?

बैलगाडा मालकांचा हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. ट्रॅक्टरने बैलाचं काम नेलं. काम नसलेला खोंड कोण पोसणार? शर्यतीमुळे खिल्लार या देशी जातीच्या खोंडाला भाव आहे, म्हणून तो टिकून आहे.

पण जात टिकवणं आणि या एका बैलाला पळवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाबूक जातीला लागत नाही. तो एका पाठीवर बसतो. देशी वाण जपायचं असेल तर पैदास केंद्रं, जातिवंत जनावरांची प्रदर्शनं, पाळणाऱ्याला थेट अनुदान हे मार्ग आहेत आणि त्यांवर सरकारने खरोखर पैसा खर्च करावा. आणि शर्यत चालूच राहणार असेल, तर २०१७ च्या नियमांतली काठीबंदी कागदावर न राहता प्रत्येक बारीला, म्हणजे शर्यतीच्या प्रत्येक धावेला, दिसली पाहिजे. एवढी मागणी तर शर्यतीच्या बाजूच्या माणसालाही नाकारता येऊ नये, कारण याच अटीवर घटनापीठाने तिला मान्यता दिली.

बैल न्यायालयात कसा जाणार?

जसा देव जातो तसा. भारतीय कायद्यात मंदिरातल्या मूर्तीला ‘कायदेशीर व्यक्ती’ मानतात, म्हणजे तिच्या नावावर मालमत्ता असू शकते आणि तिच्या वतीने दावा लावता येतो. १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, कुलदेवतेच्या मूर्तीच्या वतीने तिचं म्हणणं मांडायला स्वतंत्र माणूस नेमायला सांगितलं होतं. कंपनीचंही तसंच. अज्ञान मुलाच्या वतीने पालक उभा राहतो. बोलता न येणं ही कायद्याला कधीच अडचण वाटलेली नाही.

प्राण्यांबाबत जगभर न्यायालयं चाचपडत आहेत. अर्जेंटिनात २०१६ मध्ये सेसिलिया या चिंपांझी मादीला हक्क असलेली मानून प्राणिसंग्रहालयातून अभयारण्यात पाठवायचा आदेश झाला. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये प्राण्यांना कायदेशीर व्यक्ती घोषित केलं. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च पीठाने मात्र ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या हॅपी या हत्तिणीच्या सुटकेसाठीचा अर्ज पाच विरुद्ध दोन मतांनी फेटाळला. त्या दोन मतांना मी महत्त्व देतो. अशा विषयात बदलाची सुरुवात बहुधा विरोधी मतातून होते.

मग मटणही बंद करायचं का?

हा प्रश्न टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. हक्क हा एकच अखंड गठ्ठा नसतो. छळ न होण्याचा हक्क वेगळा, मारलं न जाण्याचा हक्क वेगळा. प्राणिहक्कांचे काही पुरस्कर्ते दोन्ही मागतात, काही पहिल्यावर भर देतात. मी पहिल्यापाशी ठाम आहे. दुसऱ्याबद्दल एवढंच म्हणेन, की हा युक्तिवाद तिकडे ओढत नेतो हे मला दिसतं आणि त्याला पटेल असं उत्तर अजून मला सापडलेलं नाही. पण ताटातल्या मटणावर भांडण्याआधी अंड्याच्या कोंबडीकडे बघावं. वहीच्या पानाएवढ्या जागेत, पंख न पसरता, तारेवर उभं राहून तिचं आयुष्य जातं. २०१७ मध्ये विधी आयोगाने याच विषयावर स्वतंत्र अहवाल दिला आहे.

आणि एक गोष्ट वेगळी करून ठेवली पाहिजे. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गाईसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैस बंदीबाहेर राहिली. म्हशीला गाईपेक्षा कमी दुखतं म्हणून ही रेघ ओढलेली नाही. ती पूज्यतेची रेघ आहे. भाकड बैल विकता येत नाही आणि पोसता येत नाही, हा भार मात्र लहान शेतकऱ्यावर पडला, आणि सोडून दिलेल्या बैलाचे हालही काही कमी नाहीत. याला प्राणिहक्क म्हणणं चूक आहे.

आधी माणसांचं बघा!

शेवटचा आणि सगळ्यांत मनापासून येणारा आक्षेप. उत्तरासाठी गळीत हंगामात सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यावरची ऊसगाडी बघा. बैलाला झेपणार नाही एवढी मोळी तिच्यावर का रचलेली असते? ऊसतोड कामगाराला टनावर पैसे मिळतात, उचल फेडायची असते, आणि दर एवढा कमी असतो की कमी भरून परवडत नाही. बैलाच्या खांद्यावरचं जू आणि गाडीवाल्याच्या डोक्यावरचं कर्ज एकाच हिशेबातून आलेलं आहे. तिथे बैलाला वाचवायचं तर कामगाराचा दरच वाढवावा लागेल. नुसता गाडीवाल्याला दंड करून दोघांचंही भलं होणार नाही.

ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्रीय नियम आहेत. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, पारा ३७ अंशांवर असेल तिथे दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही, आणि गाडीवर किती वजन घालायचं यालाही मर्यादा आहे. ही मर्यादा मोडली जाते का, हे शोधायला वेगळं पथकसुद्धा लागणार नाही. प्रत्येक गाडी कारखान्याच्या काट्यावर चढते आणि तिचं वजन पावतीवर उतरतं. त्या पावत्या नियमाशी ताडून पाहण्याची आणि जादा वजनाची जबाबदारी गाडीवाल्याऐवजी कारखान्यावर टाकण्याची सुरुवात येत्या हंगामापासून होऊ शकते.